हरणाबाईच्या परातीपर्यंत

मी परखी. तुम्ही मला पाहिलं असेल, पण नाव ठाऊक नसेल. हातभर लांबीची पोकळ लोखंडी नळी, एका टोकाला अणकुचीदार. भरल्या पोत्यात मला खुपसलं की आतला मूठभर दाणा माझ्यातून बाहेर येतो. पोतं वरून कितीही साजरं दिसो, त्याच्या पोटातलं काढून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. स्वभावानं मी जरा भोचकच.

सोलापूरच्या एका लोहारानं मला घडवलं आणि मुरुमच्या सहकारी संघानं गोदामासाठी घेतलं. माझे धनी गुरुसिद्धप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि सकाळपासून कुणावर तरी करवादणं चालू. गोदामातून बाहेर पडणारं प्रत्येक पोतं ते माझ्याकडून तपासून घेत. दाणा हातावर पाडायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, एखादा दाताखाली धरायचा आणि मग ‘जाऊ दे’ म्हणायचं. तेव्हाच हमाल बंडप्पा पोतं पाठीवर घेई.

तपासलेला दाणा परत पोत्यात टाकायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. तो झाडलोट करणाऱ्या हरणाबाईचा. भीमनगरातली ही बाई संध्याकाळी पदर पसरायची आणि दाणे घेऊन घरी जायची. रीत कुणी घातली कुणास ठाऊक, पण ती मोडायची छाती कुणाची नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. परदेशातून मिलो नावाची लाल ज्वारी आली. लोकांनी आधी नाकं मुरडली, नंतर मुकाट्यानं तिच्या भाकरी थापल्या. दुष्काळी कामावरच्या गावांना ती आमच्याच गोदामातून जाई. लाल दाण्याची सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झाली आणि तिथंच घोटाळा झाला.

गोदामाच्या कोपऱ्यात बियाण्याची ज्वारीही पडून होती. पाऊसच नाही तर पेरणार कोण? कीड लागू नये म्हणून तिला विषारी औषध चोळलेलं, त्यामुळं तीही लालसर दिसे. त्यातलं एक पोतं, वरची चिठ्ठी गळून पडल्यानं, मिलोच्या थप्पीत जाऊन बसलं. मी त्यात शिरले, दाणा काढला. गुरुसिद्धप्पांची त्या दिवशी दाढ ठणकत होती, म्हणून त्यांनी तो चावला नाही. लाल दिसला, ‘जाऊ दे’ म्हणाले. मला सारं कळत होतं, पण मला जीभ कुठं आहे?

हरणाबाई त्या दिवशी दुपारीच पदर भरून दळायला गेली. उन्हं कलताना ट्रक भरत आला आणि बंडप्पा एकदम हसायला लागला.

“अण्णा, इभूतीवर गुलाल कुणी लावला?”

घाम पुसताना बोटांचा रंग कपाळाला लागला होता. गुरुसिद्धप्पा बोटांकडं बघत राहिले. मिलोचा रंग कधी हाताला लागत नाही. त्यांनी बोटं हुंगली आणि ओरडले, “ट्रक सोडू नका! बियाण्याचं पोतं चढलंय त्यात!”

हमालांनी धडाधड पोती उतरवली. हाताला रंग लावणारं पोतं सापडलं.

“वाचलो, अण्णा!” बंडप्पानं हुश्श केलं.

“कुठलं वाचलो? त्यातला दाणा हरणाबाईच्या पदरात गेलाय की रं!”

आणि ते पळत सुटले. साठीचा माणूस, भर बाजारातून, हातात मी तशीच. लोकांना वाटलं, कुणाला भोसकायला निघालाय. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा भ्याले होते. तो दाणा मीच काढलेला होता.

दारात पोचलो. चूल पेटलेली, दोन लेकी ताटल्या घेऊन बसलेल्या.

“भाकर खाल्ली का गं कुणी?”

हरणाबाईनं परात पुढं ढकलली. तिच्यात कोरडं पीठ. बाई आधीच वैतागलेली.

“कशाची भाकर, अण्णा? सकाळधरनं टँकरचा पत्ता न्हाय. घरात घोटभर पाणी न्हाय. पीठ काय थुकीनं मळू?”

गुरुसिद्धप्पा उंबऱ्यावरच बसले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

“लई बरं झालं, बाई! टँकर आला न्हाय, लई बरं झालं!”

अख्ख्या तालुक्यात टँकरच्या उशिराला दुवा देणारा हा एकटाच माणूस असेल. हरणाबाईला वाटलं, उन्हानं अण्णांचं डोकं फिरलं. मग त्यांनी रंगलेलं कपाळ दाखवून सगळं सांगितलं, तसं तिनं दोन्ही लेकींना जवळ ओढलं. बराच वेळ तिनं त्यांना सोडलंच नाही.

माझ्याच टोकानं अण्णांनी परसात खोल खड्डा उकरला आणि पीठ पुरलं. दगडावर आपटून टोक वाकलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मागून आलेल्या बंडप्पाला त्यांनी आपल्या घरी पिटाळलं, बायकोकडून, शांताक्कांकडून, पीठ आणायला.

दिवस मावळता मावळता टँकर आला. हरणाबाईनं घागर आणली.

“आधी मला दे, बाई. घसा सुकलाय.”

तिनं तांब्या भरला, पण पुढं केला नाही. अण्णांच्या आळीतल्या कुणी आजवर तिच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

“आमच्यातलं चालंल, अण्णा?”

त्यांनी तांब्या तिच्या हातातून घेतला आणि सगळ्या गल्लीदेखत घटाघटा रिकामा केला.

पुढं ओल्या फडक्यावर चोळून बघितल्याशिवाय एकही दाणा हरणाबाईच्या पदरात पडला नाही. आता संघात नवी परखी आली आहे. मी वाकड्या टोकानिशी खिळ्याला लटकून आहे, आणि सुखात आहे. नव्या परखीला धरणाऱ्या हातांनो, ‘जाऊ दे’ म्हणण्याआधी दाणा नीट बघत जा. पोतं ट्रकमध्ये चढलं म्हणजे काम संपलं असं नसतं. तिथून ते कुणाच्या तरी परातीत उतरायचं असतं.