यिन आजींचा खार

"तुमच्या सिचुआनचं तिखट म्हणजे आधी भूल द्यायची नि मग कापायचं," पेंग शुगेन कॅमेऱ्यापुढे म्हणाला. "तिरफळांनी जीभ बधिर केल्यावर मिरची काय, निखारा ठेवला तरी कळायचं नाही. यात कसला आलाय पराक्रम?"

"आणि तुमच्या हुनानचं तिखट म्हणजे दार न वाजवता घुसलेला पाहुणा," रान देफूनं परतवलं. "रामराम नाही, बसू का नाही, थेट नरड्याशी!"

अंगणात भाज्या निवडत बसलेल्या बायका खो खो हसल्या. या दोघांच्या भांडणावरच तो कार्यक्रम चालायचा. दोघंही नावाजलेले आचारी. तरुणपणी एकाच हॉटेलात, एकाच भट्टीपुढे घाम गाळलेले. आता गावोगाव हिंडायचं, तिथलं जहाल काय ते रांधायचं, खायचं आणि एकमेकांची उणीदुणी काढायची, हेच त्यांचं व्रत होऊन बसलं होतं.

या खेपेला ते झीगोंगच्या टेकड्यांत, बांबूच्या बेटाआड असलेल्या यिन आजींच्या घरी उतरले होते. घरात लगीनघाई. उद्या आजींची नात छिउलान चोंगचिंगला सासरी निघायची होती. अंगणात वाफेच्या टोपल्यांची उतरंड लागली होती, डुकराच्या मांसाचे काप गोड तांदळावर रचले जात होते. पण कॅमेरा आला होता तो आजींच्या बरणीसाठी. स्वयंपाकघराच्या थंड कोपऱ्यात ती काळपट मातीची बरणी होती आणि तिच्यात खार: खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून काढलेलं मीठ, तिरफळं, आलं, मिरच्या यांचं मुरलेलं पाणी. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या आईनं दिलेलं. त्यात भाजी टाकायची, खारवायची, काढायची. पाणी मात्र तेच. त्यातलाच हिस्सा आता छिउलानच्या नव्या बरणीत पडायचा होता. त्या मुलखात पोरीबरोबर दागिने कमी गेले तरी चालतात, खार गेलाच पाहिजे. सासरी गेल्यावर त्या खारावर पांढरी फुलं धरली, म्हणजे बुरा आला, की सासू तोंडानं काही बोलत नाही. नुसती सुनेच्या हाताकडे बघते.

खाराला सगळ्यात वैर तेलाचं. म्हणून बरणीतून भाजी काढायच्या लांब काड्या, म्हणजे चॉपस्टिक्स, वेगळ्या, खिळ्याला टांगलेल्या, कोरड्या ठणठणीत. हे सिचुआनच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

रान खारातल्या मिरच्या नि कोवळं आलं घालून सशाचं मटण करणार होता. त्यानं खिळ्यावरच्या काड्या घेतल्या, झाकण उचललं, लालबुंद मिरच्या काढल्या, वास घेतला, डोळे मिटले. सगळं कसं देवळात शोभावं असं.

"सर, उजेड गेला होता," दिग्दर्शिका मियाओ म्हणाली. "मिरची काढतानाचं तेवढं परत घेऊ या."

तोवर कढई तापली होती. ससा तेलात तडतडत होता. रान एका हातानं काड्यांनी तुकडे परतत होता नि तोंडानं पेंगला चिडवत होता. "हं, घ्या!" मियाओ ओरडली. रान वळला, झाकण उचललं, हसत हसत कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हातातल्या काड्या बरणीत घातल्या.

मिरची वर आली. तिच्यामागून एक लहानसं वर्तुळ, इंद्रधनुष्यासारखं चमकणारं, खारावर तरंगत राहिलं.

रानला ते दिसलं. त्यानं झाकण ठेवून दिलं.

"वा!" मियाओ म्हणाली. "अप्रतिम आलं!"

ससा झाला. सगळ्यांनी खाल्ला. पेंगच्या कपाळावर घामाचे पाट वाहिले, तरी "लहान मुलांचं जेवण आहे" असं तो म्हणतच राहिला. रान मात्र वाडग्यातला तुकडा नुसता फिरवत बसला. कुणी पाहिलं नव्हतं. बुरा यायचाच झाला तर चार-दोन दिवसांनी येईल. तोवर पोरगी चोंगचिंगला, आपण दुसऱ्या गावात. कोण विचारतंय? शिवाय अख्खा हंगामभर आपण या हुनान्याला ऐकवत आलो की लोणचं आमच्याकडे शीक. आता बोललो तर हा मरेपर्यंत ऐकवेल. मेल्यावर थडग्याशी येऊनही ऐकवेल.

माणसाच्या हातून चूक व्हायचीच. हात म्हटला की तो घसरणारच. पण चुकीवर झाकण ठेवलं की ती तिथं स्वस्थ बसत नाही. ती मुरते.

तेवढ्यात यिन आजी नवी बरणी घेऊन आल्या. घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवलेली. मागे छिउलान लाजत उभी.

"रान मास्तर," आजी म्हणाल्या, "सकाळी तुमचा हात पाहिला. असा हात खाराला मानवतो. पोरीची बरणी तुम्हीच भरा. सासरी सांगेल तरी, टीव्हीवरल्या माणसानं भरून दिली म्हणून."

आणि त्यांनी ओगराळं त्याच्या हातात दिलं. मियाओनं लगेच कॅमेरा वळवला. अंगणातल्या बायका दारात गोळा झाल्या. सगळीकडे कौतुक नुसतं ओसंडत होतं.

रान बरणीशी गेला. छिउलानकडे त्याची नजर गेली. पोरीनं नव्या बरणीला दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसं पहिलं मूल धरतात.

त्यानं ओगराळं खाली ठेवलं.

"आजी, मी नाही भरत. हा खार तिला देऊ नका. मी यात तेलकट काड्या घातल्या. दुसऱ्यांदा काढताना. तेव्हाच बोलायला हवं होतं."

आजींनी झाकण उचलून आत वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खिळ्यावरच्या त्या लांब काड्या काढल्या आणि रानच्या मनगटावर सपकन ओढल्या.

"चाळिशी उलटली ना रे तुझी? तुझ्या आईनं काही शिकवलं की नाही?"

"शिकवलं होतं, आजी."

"मग तिच्या वाटचीही एक खा," म्हणून आणखी एक बसली.

आता पेंग तोंड उघडणार, म्हणून रान मान खाली घालून वाट बघत राहिला. पण पेंग उठला, आजींच्या फडताळातले वाडगे काढले आणि उकळत्या पाण्यात सोडू लागला.

"आजी, तुमचा खार वाडीत आणखी कुणाकुणाकडे गेलाय?"

"कुणाकडे नाही ते विचार. नवी चूल मांडली की माझ्याकडूनच वाडगाभर नेतात."

"मग आता वाडगाभर परत आणू. चल रे, बैला. वाडग्यांना हात लावू नकोस. तू फक्त तोंड दाखव."

आणि निघाली ही माधुकरी! पुढे पेंग, दोन्ही हातांत कोरडे वाडगे; मागे रान, तोंड पडलेलं; त्यांच्यामागे मियाओ कॅमेऱ्यासकट, कारण असा मजकूर तिला जन्मात मिळाला नसता. बातमी आधीच पुढे धावली होती.

"हाच का तो तेलवाला?" पहिल्या दारातून आवाज आला. "ये, ये. खार देते, पण आधी खाऊन जा. आल्या पाहुण्याला रिकाम्या तोंडी कशी पाठवू?" आणि समोर आलं मिरच्यांच्या ढिगात हरवलेलं बदकाचं पोट. दुसऱ्या घरी थंड शेवया, वर ठेच्याचा लाल लगदा. तिसऱ्या घरच्या तांग काकूंनी तळलेल्या मिरच्याच वाढल्या, सोबतीला आणखी मिरच्या. पेंगचे ओठ सुजून पावासारखे झाले.

"लहान मुलांचं जेवण ना?" रान हळूच म्हणाला.

"गप," पेंग डोळे पुसत म्हणाला. "तुझ्या पापाचं फळ मी खातोय. निदान बघून घे, मैत्री कशाला म्हणतात."

"तू मला ऐकवलं नाहीस ते?"

"ऐकवीन की. म्हातारपणी करमणूक नको का? आज पोरीचं काम आहे."

घरी परतल्यावर वाडगे ओळीनं मांडले. आजींनी एकेकात कोरडी काडी बुडवून जिभेला लावली आणि डोळे मिटून सांगत गेल्या: हा ल्योवाच्या घरचा, उसाचा तुकडा घालतात, हा माझ्या धाकट्या जावेचा, मिठात कंजूष. खार सगळा त्यांचाच, पण घरोघरी जाऊन वेगळा झालेला. कुठला द्यावा? आजींना एकही पसंत पडेना. "माझ्यासारखा एक नाही," त्या पुटपुटल्या. डोळे पाणावले होते, आणि ते मिरचीनं नव्हे.

"तांग काकूंचा द्या," छिउलान म्हणाली.

"का गं?"

पोरगी बरणीच्या काठावर नख घासत राहिली. "आजी, रागवू नका. लहानपणापासून मी तिकडेच जाऊन खाते. तुमचा... थोडा खारट असतो."

दारातल्या बायकांना हसू आवरेना. तांग काकू ओंजळीत तोंड लपवून पळायच्या बेतात होत्या. आजी नातीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तांग काकूंच्या वाडग्यात पुन्हा काडी बुडवली, चाखली. आणखी एकदा चाखली.

"इतकी वर्षं माझ्या ताटात जेवून!" त्या म्हणाल्या, मग थांबून, "हं. बरा आहे मेला. तांग, अजून दोन वाडगे आण. एवढ्यानं बरणीचा तळ तरी झाकेल का?"

काकू धावल्या. आजी रानकडे वळल्या.

"तू. हात धू. साबणानं, कोपरापर्यंत. मग ओगराळं घे."

"मी? अजून?"

"पोरीच्या सासरी मी फोन करून सांगून बसलेय की टीव्हीवरला माणूस भरणार. माझा शब्द खाली पाडतोस का?"

रान हात धुवायला गेला. पेंग मागोमाग जाऊन पाणी घालू लागला आणि नखांतून, बोटांच्या बेचक्यांतून त्याचे हात घासून काढू लागला, एखाद्या पोराला आंघोळ घालावी तसे.