गेटवरचा चौकोन

मे महिन्यातल्या दुपारी, बाहेर सेहेचाळीस अंश असताना, मी आखलेल्या इमारतीच्या लॉबीत पाहुण्यांना उभं केलं आणि एसी बंद असल्याचं सांगितलं. आत तीस अंश होतं. पश्चिमेची दुहेरी भिंत, तिच्या पोकळीतून वर चढणारी गरम हवा, गच्चीवरच्या पांढऱ्या फरश्या, सगळं घसा बसेस्तोवर समजावलं. नागपूरच्या उन्हात चार हजार माणसांची कंपनी काचेच्या डब्यात बसवणाऱ्या आर्किटेक्टांची मला भयंकर चीड आहे.

पाहुणे गेल्यावर मी गाडी घेऊन निघाले, तर गेटवरचे चौकीदार महादेवराव आपल्या पत्र्याच्या केबिनवर ओलं पोतं पसरत होते. ते कुही गावाहून रोज येतात.

"हे काय करताय?"

"पाणी मारून राहिलो जी. अंदर बसल्या जात नाही."

"मग लॉबीत येऊन बसा ना."

"गेट सोडून कसा येऊ, मॅडम?" पोतं सारखं करत त्यांनी विचारलं, "हे कोणं बनवलं, मालूम आहे का तुमाले?"

"ठेकेदारानं. बघतेच मी त्याच्याकडे!"

तणतणत ऑफिसात गेले आणि नकाशा उघडला. गेटपाशी नखाएवढा चौकोन होता. जे स्वतः आखायचं नसतं, त्याच्यापुढे आम्ही 'बाय अदर्स' लिहितो. म्हणजे ते दुसरं कोणीतरी बघेल. चौकोनापुढे तेच लिहिलेलं होतं.

अक्षर माझं होतं.