साताच्या पोटातली रेघ

चष्मेवाल्यांनी तिकिटाचा कागद काउंटरवर ठेवला, तळहाताने सरळ केला आणि पलीकडे बसलेल्या मुलीकडे सरकवला. सरळ करायची तशी गरज नव्हती. प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणलेला कागद, त्याला एक घडी पडलेली नव्हती. पण दुकानात गिऱ्हाइकाच्या हाती चष्मा देतानासुद्धा ते आधी काचांवरून फडकं फिरवत. सवय ती सवय.

मुलीने कागद बघितला, समोरचा स्क्रीन बघितला, पुन्हा कागद बघितला.

"सर, हे विमान सकाळीच गेलं."

"छे, छे. दुपारचं आहे. नीट बघा."

"दुपारचंच होतं. पण वेळ बदललीय, बरेच दिवस झाले. तुम्हाला कळवलं असेल ना?"

"कुणी काही कळवलेलं नाही." चष्मेवाले मागे वळले. "ऐकलंस? वेळा बदलतात आणि सांगत नाहीत. अजब कारभार आहे."

मागे त्यांची बायको उभी होती. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. वहिनींनी खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि एकच विचारलं.

"मग आता दुसरं कधी?"

वहिनींना विमानाच्या वेळेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना उद्या सकाळच्या आत बहिणीकडे पोचायचं होतं. त्यांच्या मोठ्या बहिणीचं, ताईंचं, उद्या सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. ताई एकट्या राहायच्या, आणि जीभ अशी की शेजारीसुद्धा चार हात लांबूनच चौकशी करायचे. त्यांचे यजमान गेले तेव्हा वहिनी पोचल्या त्या सगळं आटोपल्यावर. ताई दारातच म्हणाल्या होत्या, "सगळं झाल्यावर यायची तुझी सवयच आहे." तो शब्द वहिनींच्या मनात रुतून बसला. त्यानंतर दोघी बहिणींत कामापुरतं बोलणं उरलं. आणि मागच्या महिन्यात ताईंनी स्वतःहून फोन केला. म्हणाल्या, "मला आत नेतील तेव्हा तू तिथे अस. बाकी कुणी नसलं तरी चालेल." फोन ठेवल्यावर वहिनींनी पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "अहो, तिकिटं तुम्हीच काढा. तुमचं काम चोख असतं."

काउंटरवरची मुलगी आता जरा जपून बोलत होती.

"सर, हे बुकिंग थेट आमच्याकडे झालेलं नाही. एजन्सीमार्फत झालंय. आम्ही वेळ त्यांना कळवली. त्यांनी तुम्हाला कळवायची असते."

"एजन्सी? कसली एजन्सी? मी तुमच्याच साइटवरून काढलंय. या माझ्या हातांनी."

आवाज जरा मोठाच निघाला. रांगेतले दोघेतिघे माना लांब करून बघायला लागले. वहिनी पुढे झाल्या आणि नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"हे बघ बाळ, यांच्या हातून अशी चूक व्हायचीच नाही. विजेचं बिलसुद्धा तीनतीनदा वाचून भरणारा माणूस आहे. घोळ तुमच्याकडेच झालाय. तुम्ही निस्तरा."

मुलगी एवढीशी झाली. त्यांच्या लेकीच्या वयाची असेल. तिने कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, सर. तुम्हीच वाचा."

चष्मेवाले वाकले. बोट होतं, बोटाचं नख होतं, आणि नखाखाली पांढरा कागद होता. बाकी काही नव्हतं. त्यांनी कागद लांब धरला. जवळ आणला. पुन्हा लांब धरला. उभ्या आयुष्यात हजारो माणसांना त्यांनी असं करताना पाहिलं होतं, आणि माणूस खुर्चीत बसायच्या आत त्याचा नंबर मनात बांधला होता. आता ती मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

वहिनींनी त्यांच्या हातून कागद हळूच काढून घेतला.

"आम्ही स्वतंत्र प्रवास एजन्सी आहोत," त्यांनी वाचलं. पुढचं वाचताना आवाज खाली आला. "कोणत्याही विमान कंपनीशी आमचा संबंध नाही."

मागे कुणीतरी बॅगेची चाकं घरंगळवत दुसऱ्या रांगेत गेलं.

चष्मेवाल्यांना ती संध्याकाळ स्वच्छ आठवली. दुकानातल्या टेबलावर संगणक, शेजारी वहिनी आलेलं पार्सल उघडतायत. त्यांनी कंपनीचं नाव टाकलं आणि सगळ्यात वर आलं त्यावर बोट दाबलं. तोच निळा रंग, तसंच शेपटी वर करून उडणारं विमान. वर कोपऱ्यात राखेसारखं काहीतरी होतं. त्यांना वाटलं, नक्षी असेल. फिकट कागदावरची फिकट अक्षरं सगळ्यात आधी जातात, हे तेच दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांना समजावून सांगत. "मोतीबिंदू झालाय काका, लाजता कशाला? केस पिकले म्हणून लाजतो का कुणी?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

कारण आपल्याला काय झालंय हे कळायला त्यांना डॉक्टर लागलाच नव्हता. आधी दिव्यांभोवती वर्तुळं आली, मग सगळ्यावर दुधाची साय धरली. पण चष्मेवाल्याचेच डोळे गेले म्हटल्यावर गिऱ्हाईक पायरी चढेल का? त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वहिनींनाही नाही. नशिबाने दुकान अडत नव्हतं. काचांच्या नव्या व्यापाऱ्याने गेल्या वर्षापासून पाकिटांवर नंबर घालायला सुरुवात केली होती ती जाड काळ्या मार्करने, चांगले बोटभर. त्याचा विक्रेता आला तेव्हा चष्मेवाल्यांनी त्याची पाठ थोपटली. "शेवटी तुमच्यातल्या कुणालातरी अक्कल आली." तो बिचारा काही न कळून नुसता हसला होता.

आणि ती मेल! तीही आठवली, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कुठल्याशा अनोळखी नावाने मेल आली होती, 'आपल्या प्रवासात बदल'. त्यांनी ती न उघडता पुसून टाकली होती आणि वर वहिनींना शहाणपण शिकवलं होतं. "असलं काही उघडायचंच नसतं. आपण यांच्याकडून काही घेतलंय का? मग? फसवायचे धंदे सगळे."

या मुलीची माफी मागायला हवी होती. ते तोंड उघडायला गेले आणि निघालं भलतंच.

"इतकं बारीक लिहितं होय कुणी?"

"चुकलं बाळ माझं," वहिनी मुलीला म्हणाल्या. "उगाच बोलले तुला. आता आम्हाला लवकरात लवकर कसं जाता येईल तेवढं बघ."

मुलीने खूप शोधलं. आज दुसरं विमान नव्हतं. उद्या सकाळी सातचं होतं, त्याने दुपारपर्यंत पोचता आलं असतं. ताईंना आत नेणार होते ते उजाडता उजाडता. वहिनींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "दे."

तिकिटं तयार होईपर्यंत दोघं समोरच्या बाकावर बसले. वहिनींनी फोन लावला. ताईंचा आवाज असा खणखणीत की फोन कानाला लावून उपयोग नसे, शेजारच्याला सगळं ऐकू यायचं.

"निघालीस?"

"ताई, उशीर होतोय गं. आजचं विमान गेलं. उद्या दुपारी पोचते."

पलीकडे ताई नुसत्या खोकल्या.

"माझंच चुकलं, ताई. वेळ बघायची राहिली."

"सवयच आहे तुझी," ताई म्हणाल्या. नेहमीसारखं टोचून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आवाज थकलेला होता. "ये मग. जमेल तशी ये."

चष्मेवाले तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. एवढंच म्हणायचं होतं, की इकडे दे फोन. हात गुडघ्यावरून उचलायचा होता फक्त. तो उचलला नाही. फोन बंद झाला आणि वहिनींनी तो पर्समध्ये टाकला. त्या क्षणी चष्मेवाल्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की शेजारी बसलेल्या बायकोकडे मान वळवायचंही धैर्य होईना. जगात दुसऱ्याच्या नाकावर चष्मे ठेवत फिरलो, आणि घरातल्या माणसाला आपल्यासाठी शब्द ऐकावा लागला.

मुलीने हाक मारली. वहिनी जाऊन तिकिटं घेऊन आल्या. बाकावर बसल्या, पर्समध्ये चाचपडल्या, आणि एक जाड काळा मार्कर काढला. तिकीट गुडघ्यावर ठेवून त्यावर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि ते नवऱ्याच्या हातात दिलं. आपल्या तिकिटावर काही लिहिलं नाही, ते तसंच पर्समध्ये घातलं.

चष्मेवाल्यांनी तिकीट डोळ्यांसमोर धरलं. लांब करावं लागलं नाही, जवळ आणावं लागलं नाही. वर वेळ होती, सात. खाली बसायची जागा होती, सतरा. दोन्ही आकडे इंग्रजीत, चांगले बोटभर. आणि दोन्ही सातांच्या पोटात एक छोटी आडवी रेघ होती.

ती रेघ त्यांच्या ओळखीची होती. गेलं वर्षभर ते ती रोज बघत होते. काचांच्या पाकिटांवर.

त्यांनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"पाकिटांवर ते..." त्यांनी सुरुवात केली.

"हं," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही गल्लीतल्या मास्तरांना वाण्याच्या आईचा चष्मा दिलात ना, तेव्हापासून. ते बिचारे आठवडाभर खांबांना धडकत होते. भिडेखातर बोलले नाहीत."

एरवी चष्मेवाले हसले असते. "मग तू का बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

वहिनी मार्करचं टोपण लावत होत्या, काढत होत्या, पुन्हा लावत होत्या.

"त्या संध्याकाळी मी शेजारीच होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाक टेकवून बघत होतात स्क्रीनवर. द्या, मी वाचते, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही. पण म्हटलं, नको, यांना लागेल. तुम्हाला लागू नये म्हणून गप्प बसले, आणि ताई..." त्या थांबल्या. "म्हणजे मी तिला काही खोटं सांगितलेलं नाही. चुकलं माझंच."

चष्मेवाल्यांनी तिकीट खिशात ठेवलं. मग हात पुढे केला.

"ताईंना फोन लाव."

"अहो, आता कशाला? तिला आराम करू दे."

"लाव गं. मला त्यात नाव सापडायचं नाही."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने फोन लावून दिला.

"आता काय आणखी?" पलीकडून ताई.

"ताई, मी बोलतोय. तिची चूक नाही. तिकिटं मी काढली, भलत्याच ठिकाणी काढली, आणि वेळ बदलल्याचं आलं तेही पुसून टाकलं." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "मला दिसत नाही हो, ताई. वर्ष झालं. मी कुणाला बोललो नाही. तुम्ही तिला बोललात, तेव्हाही मी इथे बसून होतो."



"वर्ष झालं?" ताई म्हणाल्या. "म्हणजे दिवसभर डोळ्यांवर लावते तो माझा चष्मा तुम्ही आंधळेपणी करून पाठवलात?"

"नंबर हिने वाचलाय, ताई."

"तरीच म्हटलं, बरा लागलाय या वेळी." मग आवाज एकदम खाली आला. "तिला सांगा, आत जाताना नसली तर नसली. मी डोळे उघडीन तेव्हा समोर बसलेली असावी. आणि उद्या तरी पाटी तिला वाचू द्या, नाहीतर दोघं जाल कुठे तिसरीकडेच."

वहिनींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले.

चष्मेवाले उठले आणि काउंटरपाशी गेले. एकाचीच माफी मागून पुरत नाही, हे त्यांना आता कळलं होतं. पण तिथे एक चौकोनी चेहऱ्याचा माणूस बसला होता. ती मुलगी काम संपवून निघून गेली होती. कुठे भेटेल असं त्यांनी विचारलं, त्याने खांदे उडवले. ती माफी तशीच राहिली.

ते परत बाकावर येऊन बसले. खिशातून तिकीट काढलं आणि वहिनींपुढे धरलं.

"वाच," ते म्हणाले.

"लिहून दिलंय की. सात, आणि सतरा."

"ते दिसलं. खालचं वाच. बारीक आहे ते सगळं."

वहिनी जवळ सरकल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.