सारनाथ गेलं कुठं?

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो, आणि त्या दिवशीचा धक्का माझ्या अंगातून अजून उतरलेला नाही!

पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. जाड कागद, पाठीला कापड, वर-खाली लाकडी काठ्या. कपाळावर ठळक अक्षरं, 'प्राचीन भारत'. वर पांढराशुभ्र हिमालय, एका बाजूला सिंधू, दुसऱ्या बाजूला गंगा. मधे हडप्पा, काशी, सारनाथ, बोधगया! चाकणच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका शाळेत मी ऐटीत लोंबू लागलो. लातूरची, बीडची, कोकणातली मुलं यायची आणि आधी आपलं गाव शोधायची. सापडायचं नाही, तरी बोट टेकवून म्हणायची, "इथंच असंल बघ!" मला गुदगुल्या व्हायच्या.

मग डिजिटल फळा आला आणि मी कपाटामागे गेलो. वर्षातून एकदाच बाहेर यायचो, खंडेनवमीला. त्या दिवशी इथल्या कंपन्यांत मशिनी पुजतात आणि शाळेत पुस्तकं. शिपाई सोपानमामा मला उलगडायचे, बोट ओलं करून हळद-कुंकू लावायचे. नेमकं काशीवर! मी फुशारून जायचो.

यंदा मुख्याध्यापिका विजयश्री मॅडमनी रद्दी काढली. ढिगावर सगळ्यात वर कोण? मी! बाहेर टेम्पो उभा.

"मॅडम, हा नको ना!" आठवीतली निशिगंधा ओरडली. "मी यावर काहीही दाखवते!"

"बरं. बुद्धांनी पहिला उपदेश कुठे केला, दाखव. दाखवलंस तर राहील."

"सारनाथ! सोप्पंय, काशीच्या शेजारी." ती वाकली. पुन्हा वाकली. तिचा चेहराच उतरला. "मॅडम... सारनाथ नाहीचये!"

मी हादरलो! माझ्याच अंगावरचं गाव, आणि मलाच पत्ता नाही? तिथं होता नुसता लालभडक डाग.

निशिगंधा रद्दी उचलणाऱ्या सोपानमामांकडे वळली. "मामा, हे काय केलंत?"

"म्या? आगं, म्या तर दरसाली पूजा केली!"

"पूजेखालीच गेलं की सारनाथ!"

मामांनी कपाळावर हात मारला. "शेजारचं गाव दिसलंच न्हाई बघ मला." ते धावत जाऊन खोबरेल तेल आणि कापूस घेऊन आले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता आणि हे दोघं हलक्या हातानं मला पुसत होते. आधी काशी दिसली. मग हळूच 'रनाथ'. 'सा' मात्र कायमचा गेला होता. निशिगंधानं तो पेनानं लिहिला, जरा तिरकाच.

मॅडमनी टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली. मग म्हणाल्या, "मामा, खिळा आणा."

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. टिळा लागतो तो वरच्या काठीला. मित्रांनो, जुन्या वस्तूंना नमस्कार जरूर करा, पण त्यांच्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. एका बोटाखाली माझी दोन गावं होती. मामांना एकच दिसलं, आणि खरं सांगू? टिळा मिरवताना दुसऱ्याची आठवण मलाही झाली नव्हती.