नव्वद फूट वर नेणारा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात एका लहानशा टेकडीवर माझा मुक्काम असतो. पायांना स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली आलेल्या माणसांना पुन्हा वर ओढून न्यायचे, हे माझे काम. माझी सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, हे मलाही सांगता येणार नाही. माझी दोन्ही टोके एकमेकांत विणून मला अखंड केले आहे.

ते विणकाम ऑर्व्हिलआजोबांचे. मी कारखान्यातून आलो तेव्हा ते तरुण होते आणि चीजच्या कारखान्यात काम करत. दोन रविवार गुडघ्यांवर बसून, एकेक पदर उलगडून त्यांनी मला जोडले. मग टेकडीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर मोटारींची जुनी चाके बसवली, छपराखाली एका भंगारातल्या ट्रकचे इंजिन ठेवले आणि मला फिरते केले. टेकडी फक्त नव्वद फूट उंच. पण शाळा सुटली की सारे गाव तिथे लोटायचे. मला धरायला रांग लागायची. मला फार अभिमान वाटे.

पुढे चाळीस मैलांवर एक मोठा डोंगर खुला झाला. तिथे वर जायला तारेवरून सरकणाऱ्या खुर्च्या होत्या. लोक आमच्यासमोरून गाड्या पळवत तिकडे जाऊ लागले. दोन हिवाळे मी बर्फाखाली तसाच पडून होतो. उंदरांनी माझे तीन पदर कुरतडले. अखेर आजोबांनीच मला बाहेर काढले, नवे पदर घातले आणि म्हणाले, "चल रे गड्या, अजून आपण दोघेही ओढू शकतो."

त्यानंतरची एक गोष्ट सांगतो. जानेवारीतला शनिवार होता. डर्क नावाचे एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, मारितला घेऊन आले. गाडीतून उतरताच त्यांनी टेकडीकडे पाहिले.

"हा डोंगर आहे की कुणाच्या अंगणातला उतार?"

"अंगणच समजा," आजोबा म्हणाले. "या, घर आपलंच आहे."

मारित गाडीजवळच थांबली. मागच्या हिवाळ्यात वडिलांनी तिला कोलोराडोच्या उंच पर्वतावर नेले होते. माथ्यावर वारा घोंघावू लागला, खालचे काही दिसेना, आणि तिचे पाय जागीच थिजले. बचावपथकाने तिला घोंगडीत गुंडाळून, बर्फावरच्या घसरगाडीवर आडवे घालून खाली आणले. तेव्हापासून तिने स्कीला हात लावला नव्हता. आज शेवटचा प्रयत्न होता. नाही जमले तर तिची स्की मामेभावाला द्यायची, असे गाडीतच ठरले होते.

आजोबांनी कातडी हातमोज्यांची पेटी पुढे केली. लोकरीचे हातमोजे मी दिवसभरात घासून खाऊन टाकतो, म्हणून ही पेटी सगळ्यांसाठी ठेवलेली असते.

"नको, माझे मोजे भारी आहेत," डर्क म्हणाले. "वीस वर्षं कोलोराडोत स्की करतोय मी."

"दोर धरलाय कधी?"

"दोर धरण्यात काय शिकायचंय, आजोबा?"

मित्रांनो, खुर्चीत बसून वर जाणारे लोक इथे हमखास एकच चूक करतात. डर्कनीही तीच केली. मी भरधाव जात असताना त्यांनी मला दोन्ही मुठींत घट्ट आवळले. मी काय करणार? मी त्यांना तसेच ओढून नेले. स्की मागे राहिली, डर्क पुढे गेले आणि बर्फात तोंडावर आपटले.

शेकोटीच्या खोलीत सूप ढवळणाऱ्या व्हर्नाबाई खिडकीतून ओरडल्या, "काय हो कोलोराडो, आमचा बर्फ चवीला कसा आहे?"

मारित हसली. आधी ओठ दाबून, मग खदखदून. तिच्या वडिलांनी नाकावरचा बर्फ पुसला आणि तेही हसले.

आजोबा तिच्याजवळ वाकले. "मूठ आवळायची नाही हं. आधी दोराला हातातून पळू दे. मग बोटं हळूहळू मिटत आण. तोच तुला घेऊन जाईल."

तिने मला धरले, पण अर्ध्या वाटेत ती पडली. आजोबांनी इंजिन बंद केले. मला धरून वर निघालेली सगळी माणसे जिथल्या तिथे उभी राहिली. कुणी सुस्कारा सोडला नाही, कुणी "लवकर" म्हटले नाही. इथली तशी रीतच आहे. ती उठली, तिने मला पुन्हा धरले, इंजिन सुरू झाले आणि ती माथ्यावर पोहोचली.

वर तिने भीतभीतच खाली वळून पाहिले. खाली तिचे वडील उभे होते, टोपी झटकत. इतके जवळ, की त्यांचे लाल नाकसुद्धा दिसत होते.

"बाबा, मी येतेय!" ती ओरडली आणि निघाली.

मी मोजत होतो. दुपारपर्यंत ती सतरा वेळा वर आली. मोठ्या डोंगरावर तेवढ्या वेळात तीनदा झाले असते. अखेर डर्क म्हणाले, "मारित, आता निघू या का?"

"तुम्ही जाऊन सूप प्या ना, बाबा. मी दमले की सांगते."

डर्क आजोबांजवळ गेले. त्यांनी हळूच विचारले, "उद्या किती वाजता उघडता?"

मित्रांनो, तुमच्या घराजवळही असे एखादे लहान मैदान असेल, लहान तळे असेल, चार कपाटांचे वाचनालय असेल. ते पाहून "एवढंसंच?" म्हणू नका. एकदा जाऊन या आणि आवडले तर परत जा. मला रंगरंगोटी नको, नावाची पाटी नको. नुसता पडून राहिलेला दोर आतून कुजत जातो आणि बाहेरून ते कुणाला कळतही नाही. माझ्या अंगावरून रोज हात फिरले, तर मी अजून पुष्कळ वर्षे मुलांना वर नेईन.