डोलीतला चिरा

मंगळवार, १७ जुलै १९८४. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी धाकूच्या मधल्या कुणग्यात भात लावता लावता राही ताठ उभी राहिली. तिच्या मांड्यांवरून काहीतरी कोमट खाली गेलं होतं.

तिला नववा महिना सरत आला होता. पाऊस पहाटेपासून धरून होता. इरल्याखाली पाठ तेवढी कोरडी, कमरेखाली सगळ्याच बायका चिंब. गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या अंगावरचं कुठलं पाणी कुठून आलं, हे कोण सांगणार? राहीला कळलं ते एवढंच, की ते कोमट होतं.

"आये," ती शेजारी वाकलेल्या सासूच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "पाणी गेलं."

गंगुबाईनं हातातली तरव्याची रोपं टाकली आणि बोंब मारली. "धाकू रे! जोत सोड! राहीचं पाणी फुटलं!"

बोंब मारायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी राहीनं दिवसभर कळा गिळल्या आणि सांजेला सांगितलं. वाडीतून डांबरी रस्त्यावर उतरायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे, तासाभराची. त्या पाखाडीच्या निम्म्यात पोर डोलीतच जन्मलं आणि डोलीतच गेलं.

वाडीत घरं नऊ. लावणी सगळ्यांनी मिळून करायची, आज याची, उद्या त्याची. त्या दिवशी पाळी धाकूची होती. तो राहीचा भावकीतला दीर; तिचा नवरा मुंबईत कामाला होता. पुरुष नांगरानं चिखल करतात, बायका मागून लावत जातात. केलेला चिखल त्याच दिवशी लावला नाही तर बसतो, आणि पुन्हा जोत घालावं लागतं. उद्याची पाळी दुसऱ्याची, म्हणजे धाकूला पुन्हा माणसं मिळायची ती आठवड्यानं. धाकूला हे ठाऊक होतं. तरी पहिलं जोत सोडलं ते त्यानंच.

"वैनीला उचला!" तो ओरडला. "आप्पा, बांबू काढा! सोन्या, बघत काय ऱ्हायलास मेल्या, घोंगडी आण!"

आठ पुरुष निघाले, चौघे खांद्याला, चौघे बदलीला. चिखलाचे पाय तसेच. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून एरवी माणूस काठी टेकत उतरतो. ते तासाची वाट चाळीस मिनिटांत उतरले. सोनू दोनदा घसरला, पण त्यानं खांद्यावरचा बांबू सोडला नाही.

सव्वाबाराला राजापूरची एसटी आली. कंडक्टरनं डोली पाहिली आणि मागचा बाक रिकामा केला. सरकारी दवाखाना वाटेवरच्या फाट्यापासून दीड किलोमीटर आत होता. ड्रायव्हरनं कोणाला न विचारता गाडी आत घातली. चाळीस उतारूंपैकी एकानंही कुरकूर केली नाही. एका म्हातारीनं खिडकीतून गंगुबाईच्या हातात नारळ दिला. "बाळाचं तोंड बघल्यावर फोड गो."

दवाखान्यात राहीला कोरडं लुगडं नेसवलं, खाली पांढरं फडकं दिलं.

"खोकून दाखव," नर्स म्हणाली. राही खोकली. फडकं ओलं झालं. नर्सनं ते पाहिलं, वास घेतला, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तपासलं, पोटाला नळी लावून बाळाचे ठोके मोजले. सगळं व्यवस्थित होतं.

"गर्भजल नाही हे. लघवी सुटलीय. बाळाचं डोकं खाली आलंय, त्याचा दाब पडतो. यात लाजण्यासारखं काही नाही."

डॉक्टर हे हळू बोलले होते. बाहेर बाकावर गंगुबाईला मात्र कमी ऐकू येतं म्हणून नर्सला तेच मोठ्यानं सांगावं लागलं.

"आजी, पाणी फुटलेलं नाही! मूत आहे, मूत!"

बाकावर सात-आठ माणसं होती. कोणीतरी फिसकलं.

"दिवस भरलेत," नर्स पुढं म्हणाली. "वर डोंगरात राहता ना? मग इथंच राहा चार दिवस. खाट रिकामी आहे."

गंगुबाईनं सुनेकडं पाहिलं. राही जमिनीकडं पाहत होती.

"माणसा खाली थांबलीत," राही म्हणाली. "धाकूभावजींचा चिखल बसंल. जाऊया."

माणसं खरोखरच थांबली होती. डोली खाली उतरली, की बातमी कळेपर्यंत डोलीवाल्यांनी जागा सोडायची नाही, ही वाडीची रीत. बाई बाळ घेऊन परतेल, नाहीतर तिलाच आणावं लागेल; दोन्हीला खांदे लागतातच. तीन तास आठही जण रस्त्याकडेच्या शेडात बसून विड्या ओढत होते.

साडेतीनला एसटीतून राही उतरली. पोट होतं तसंच. सासूच्या हातात नारळ.

"काय गो, काय झालं?" आप्पांनी विचारलं. वाडीत तेच वडील.

"काय नाय. ठोकं चांगलं हायत," गंगुबाई म्हणाली.

"आन् पाणी?"

"पाणी न्हवतं."

"पाणी न्हवतं, मंग काय हुतं?" धाकू उठला. "काकी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतंस? बोल की."

गंगुबाईनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. सोनूला मात्र उमगलं. तो तोंडावर हात धरून वळला, पण त्याचे खांदे हलत होते. मग दुसरा हसला, मग तिसरा.

"म्हंजे," धाकू म्हणाला, "माझा दोन खंडीचा चिखल बसला, तो मुतासाठी?"

"धाकू, तोंड सांभाळ," आप्पा म्हणाले. पण त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. राहीनं ते पाहिलं.

"बस गो डोलीत," आप्पा म्हणाले. "चल, वायच उजेड हाय तवर वर जाऊ."

"मी चालत येतंय."

"खुळी काय तू? एवढी पाखाडी?"

"चालत येतंय म्हटलं ना."

तिला कोणी फार आग्रह केला नाही. धाकूला घाई होती. वर पोचल्यावर एखादा कुणगा तरी हाताशी लागला असता. अडचण एकच होती. रिकामी डोली वर न्यायची नाही, तो अपशकुन. सोनूनं रस्त्याकडेचा एक जांभ्याचा चिरा उचलून घोंगडीत ठेवला. चौघांनी बांबू खांद्यावर घेतला.

"हा बरा," सोनू म्हणाला. "गळत तरी नाय."

ते हसत पुढं गेले; दोघी फार मागं पडू नयेत म्हणून आप्पा डोली वळणावळणाला थांबवत होते. मागून राही, तिच्यामागं गंगुबाई.

पहिली कळ साडेचारला आली. राही पायरीवर थांबली, कडेच्या दरडीला हात लावला, आणि चालू लागली. दुसरी पावणेपाचला आली. तिसरीला, पाच वाजता, राहीचे ओठ पांढरे पडले आणि ती खाली बसली.

गंगुबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. राहीनं तिचं मनगट धरलं.

"हाक मारशील तर माझी शपथ हाय."

"गो, ह्या खऱ्या असल्या तर?"

"सकाळी पण खरंच वाटलं हुतं."

सकाळची बोंब गंगुबाईचीच होती. तिनं तोंड मिटलं.

तिथून खाली रस्ता अर्ध्या तासावर होता. दवाखान्याकडं जाणारी शेवटची एसटी पावणेसहाला. वाडी अजून तेवढीच वर. पुरुष एका वळणापुढं होते, सोनूचं हसणं ऐकू येईल इतके जवळ.

पाच वाजून बारा मिनिटांनी दोघी उठल्या आणि वर चालू लागल्या.