डाव्या भिंतीवरचे सिंह

मी एक जुना कुंचला आहे. हसू नका, मित्रांनो! माझ्या दांड्यावरचा रंग उडाला आहे, गळ्याशी बांधलेला दोरा सैल झाला आहे आणि टोकाला चिमूटभर केस उरले आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण याच केसांनी मी इंग्लंडच्या जुन्या सरदारांचे सिंह रंगवले आहेत, आणि तेही कुवेतमध्ये! कधी एकदा तुम्हाला सांगतो असे मला झाले आहे.

माझा जन्म सावंतवाडीच्या चितारआळीतला. माझ्या मालकिणीच्या, म्हणजे उल्काच्या, मामांनी खारीच्या शेपटीचे केस एकेक जुळवून मला बांधले. गंजिफा म्हणजे खेळायचे गोल, चकचकीत पत्ते. ते रंगवणे हे माझे काम. राजाच्या मिशा, वजिराचा घोडा, माशाचे खवले, सगळे माझ्याच टोकातून उतरायचे. उल्का तेव्हा शाळेत होती. मामांशेजारी मांडी घालून ती तासन्‌तास रंगवत बसायची, आणि माझ्यावर तिचा हात बसला तो तेव्हाच. पुढे ती लग्न होऊन कुवेतला निघाली, तेव्हा मामांनी मला तिच्या बॅगेत, मालवणी मसाल्याच्या पिशवीशेजारी ठेवले. विमानभर मला शिंका येत होत्या.

कुवेतला आल्यावर उल्काला जाब्रियातल्या एका इस्पितळात एक्स-रे काढायची नोकरी लागली. मग ड्यूटी, स्वयंपाक आणि तिची मुलगी जुईली. माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये झाली. कधी नानकटाईवर दूध फासायला मला बाहेर काढत, कधी धुळीचे वादळ येऊन गेले की लॅपटॉपच्या बटनांमधली वाळू झाडायला. राजाच्या मिशा काढणारा मी! पण सांगणार कुणाला? शेजारी लाटणे होते, त्याला चित्रकलेत गती नव्हती. मला फार एकटे वाटायचे, मित्रांनो.

आणि एके दिवशी जुईली शाळेतून धावतच आली.

"आई, आय टोल्ड मिस यू विल पेंट देम! ऑल द शील्ड्स!"

तिच्या शाळेत इंग्लंडच्या जुन्या काळची जत्रा भरणार होती आणि मोठ्या सभागृहात सरदारांच्या वीस ढाली लावायच्या होत्या. तिच्या वर्गाच्या बाई कुवेतच्या राई भागातल्या एका दुकानातून त्या छापूनच आणणार होत्या. तेवढ्यात आमच्या जुईलीबाईंनी भर वर्गात हात वर केला आणि माझी आई हाताने रंगवून देईल, असे सांगून टाकले. ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. उघडले ते असे!

"अगो, तुका कोणी सांगल्यान माका अजून येता म्हणान?" उल्काने कपाळाला हात लावला.

"तूच म्हणतेस ना, यू युज्ड टू पेंट किंग्ज. आई, प्लीज. आय प्रॉमिस्ड."

उल्काने हात पुसले. मग ड्रॉवर उघडला. तिने मला कोमट पाण्याने धुतले, चिकट थर काढला आणि ओठांनी माझे टोक जुळवले. अहाहा! अंगावर काटा आला. म्हणजे केस उभे राहिले म्हणा.

ढाली कापून दिल्या तौफीकभाईंनी. ते मूळचे रत्नागिरीचे, राईत त्यांचा लाकूडकामाचा कारखाना आहे. प्लायवूडच्या ढालींची चळत दारात ठेवून ते म्हणाले, "उल्काबाय, ढाली तयार. आता किल्ला कोनचा घ्यायचा, तेवढं सांगा."

मग सुरू झाली मौज! त्या काळी लढाईत सरदारांचे तोंड लोखंडी टोपात झाकलेले असायचे. आपला कोण आणि परका कोण, काही कळायचे नाही. म्हणून प्रत्येकाने आपली खूण ढालीवर रंगवली. कुणाचा सिंह, कुणाचे रानडुक्कर, कुणाची पाय नसलेली पाकोळी. हो, ढालीवर या पाखराला पायच काढत नाहीत! रंगांचे नियमही कडक. सोनेरी आणि रुपेरी हे धातू, बाकी लाल, निळा, काळा, हिरवा हे रंग. रंगावर धातू यावा, धातूवर रंग यावा, म्हणजे धुरळ्यातूनही खूण लांबून ओळखू येते. कुवेतच्या धुळीत राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

एका ढालीवर तर निळ्या-पांढऱ्या घंटांसारख्या आकृत्यांच्या रांगाच रांगा होत्या. जुईलीने वाचून दाखवले की ही खारीच्या कातड्यांची नक्षी आहे, सरदार आपल्या झग्यांना आतून तिचे अस्तर लावत. मी तर थबकलोच. माझेच गणगोत इंग्लंडच्या ढालीवर! ती ढाल मी इतका जीव लावून रंगवली की एक रेघ हलली नाही.

मग आले प्राणी. बाईंच्या कागदावर लिहिले होते की प्रत्येक प्राणी ढालीच्या उजवीकडे पाहतो. जुईलीने वाचले, उल्काने मला उचलले, आणि आम्ही तिच्या उजव्या हाताकडे तोंड करून सिंह उभे केले. आयाळ, नखे, लाल जीभ. खारीची धरून दहा ढाली झाल्या. घरभर डरकाळ्या ऐकू येत आहेत असे वाटत होते.

गुरुवारी उल्का त्या ढाली दाखवायला शाळेत घेऊन गेली. मी तिच्या पर्समध्येच होतो. बाई आधी खूश झाल्या, मग एकेक ढाल पुन्हा हातात घेऊन पाहू लागल्या. त्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "चित्रे सुंदर आहेत. पण सगळे सिंह उलट्या बाजूला पाहताहेत. असा सिंह पाठ दाखवून पळणारा वाटतो. मुलांना मी वर्गात नेमके हेच शिकवले आहे." जत्रा सोमवारी होती. रविवारपर्यंत ढाली बरोबर झाल्या नाहीत, तर छापील लावाव्या लागतील, असे त्यांनी सांगितले. त्यांनाही वाईट वाटत होते.

गाडीत जुईली खिडकीकडे तोंड करून रडत होती. "एव्हरीवन विल नो. मी सांगितलं होतं सगळ्यांना." उल्का मनात बाईंचा कागद पुन्हा वाचत होती. कागदावर उजवीकडे लिहिले होते, तिने उजवीकडेच काढले होते. मग चुकले कुठे? घरी आल्यावर तिने मला पाण्याच्या ग्लासात डोके खाली करून तसेच उभे सोडले. मित्रांनो, कुंचल्याला याहून वाईट शिक्षा नाही. केस वाकतात, मुळे सुटतात. पण त्या वेळी मला माझ्यापेक्षा त्या दोघींचीच काळजी वाटत होती.

शुक्रवारी सकाळी उल्काला ड्यूटी होती. घाईत केस बांधायला पिन सापडेना, तेव्हा तिने मलाच पुसून अंबाड्यात खोवले. अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा इस्पितळ पाहिले!

एका आजोबांच्या छातीचा एक्स-रे पडद्यावर आला. उल्का नेहमीसारखी पाहू लागली. उजव्या बाजूची खूण पडद्यावर तिच्या डाव्या हाताला होती, आणि हृदय तिच्या उजव्या हाताकडे झुकलेले. रोजचेच दृश्य. पण आज ती एकदम थांबली. एक्स-रेमध्ये उजवी बाजू ही पाहणाऱ्याची नसते, रोग्याची असते. तो समोर उभा आहे असे धरून चालायचे असते.

"अगो बाय माझे!" ती मोठ्याने म्हणाली. "ढालीच्या मागे माणूस उभो आसा!"

ढाल भिंतीची नाही, ढाल सरदाराची. उजवी बाजू त्याची, म्हणजे पाहणाऱ्याची डावी! इतकी वर्षे जे ती दिवसातून शंभरदा करत होती, ते हातात रंग येताच ती साफ विसरली होती. अंबाड्यात मला नाचावेसे वाटले.

आता चूक कळली होती, पण रंगवलेले सिंह तर उलटेच होते. ते खरवडून पुन्हा रंगवायचे आणि उरलेल्या दहा ढालीही करायच्या, एवढा वेळ नव्हता. घरी येऊन उल्काने सभागृहाचा आराखडा काढला. समोर रंगमंच, दोन्ही बाजूंना भिंती. ती त्याकडे टक लावून बसली आणि मग हसायलाच लागली.

"जुईली, देवळात देवाकडे पाठ करून कोण बसता काय?"

"नो. मग?"

"मग सरदारांनी तरी रंगमंचाकडे पाठ कित्याक करूची?"

तिने दाखवले. सगळ्या ढाली सरळ रंगवल्या असत्या, तर डाव्या भिंतीवरचे सिंह रंगमंचाकडे पाठ करून बसले असते. आपले उलटे सिंह डाव्या भिंतीवर लावले की ते बरोबर रंगमंचाकडे पाहतील. उजव्या भिंतीवर उरलेल्या दहा, सरळ रंगवलेल्या. दोन्ही भिंती मान राखून समोर पाहतील. जुईलीने लगेच बाईंना निरोप पाठवला. उत्तर येईपर्यंत दोघी फोनपुढेच बसून होत्या, मीही.

बाईंचे उत्तर उद्गारचिन्हांनी भरलेले होते. तिकडच्या जुन्या चर्चमध्येही एका बाजूच्या ढालींवरचे प्राणी मुद्दाम वळवलेले असत, म्हणजे कुणाची पाठ वेदीकडे होऊ नये! दोन ढाली शेजारी लावल्या, तरी एकीवरचा प्राणी दुसरीकडे वळवत, आदर म्हणून. "घेऊन या," असे त्यांनी लिहिले होते, "सगळ्या घेऊन या!"

पुढचे दोन दिवस आम्ही अक्षरशः पेटलो होतो. जुईली पार्श्वभूमी रंगवायची, उल्का आणि मी प्राणी. शेवटच्या सिंहाला आयाळ काढताना माझे दोन केस तुटून ओल्या सोनेरी रंगात चिकटले. उल्का ते काढणार होती, पण तिने तसेच राहू दिले. तेवढाच माझा खारीचा वाटा.

सोमवारी जुईलीने दोन्ही भिंतींच्या मधून चालत, खणखणीत आवाजात एकेका सरदाराची ढाल पुकारली. वर्गात तोंड न उघडणारी हीच का ती, असे बाईंना वाटले असेल. शेवटी तिने आणखी एक नाव पुकारले, आपल्या आईचे. टाळ्या वाजत होत्या आणि उल्का पदराने डोळे पुसत होती. मी पर्समधून डोके बाहेर काढून सगळे पाहिले.

तौफीकभाईंनी उरलेल्या लाकडाच्या दोन छोट्या ढाली दिल्या होत्या. एकीवर उल्काने गंजिफातला मासा रंगवला, सरळ, नियमाप्रमाणे. मग तिने मला जुईलीच्या हातात दिले. पहिल्यांदाच! जुईलीने लाल ढालीवर सोनेरी खार काढली. रेघ थोडी थरथरली, मी सांभाळून घेतले. ढाली भिंतीवर शेजारी शेजारी लागल्या, डावीकडे खार आणि उजवीकडे मासा.

उल्का म्हणाली, "जुईली, तुझी खार उलटी झाली गो."

एरवी इंग्रजीत उत्तर देणारी जुईली शांतपणे मराठीत म्हणाली, "उलटी नाही, आई. ती तुझ्याकडे बघते."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा ड्रॉवर असेल. त्यात माझ्यासारखे काहीतरी पडलेले असेल. ते बाहेर काढा आणि आईला विचारा, की तू आधी काय करायचीस? आणि कुंचला सापडलाच, तर काम झाल्यावर त्याला स्वच्छ धुवा, टोक जुळवा आणि आडवे निजवा. जुईलीने त्या दिवशी मला असेच निजवले. झोप मात्र येईना, इतका मी आनंदात होतो.